साखळीचं दुसरं टोक

ब्राउनश्वाइग,
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप अण्णा यांच्या चरणी थोरल्या जावयाचा, म्हणजे यशोधनचा, कंबर साथ देईल तितका वाकून नमस्कार.

आपला गुडघा आणि आईंचा खोकला बरा आहे याची मला खात्री आहे (शुभा रोज आपल्याशी फोनवर बोलते, वाईट बातमी असती तर ती मला ऐन जेवणात कळली असती). अधिक महिन्यात आपण उभयता दोन्ही जावयांना धोंड्याचं वाण द्यायला एवढ्या लांब येताय, याचा आनंद शब्दांत मावत नाही. अनारसे मात्र हातातल्या पिशवीत ठेवावेत. मोठ्या बॅगेत त्यांचा चुरा होतो, आणि चुरा कोणत्या जावयाच्या ताटात येतो हे मी अनुभवाने जाणतो.

पत्रास कारण की, दोन आठवड्यांपूर्वी आपण धाकट्या जावयांचं कौतुक करत शुभाला विचारलंत, "शिरीषराव टीव्हीवर दिसले हो! आपले यशोधनराव कुठे दिसत नाहीत ते?" फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारीच भांडी पुसत होतो. त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देणं मी कर्तव्य समजतो.

अमेरिकन फुटबॉल हा खेळ बहुतांशी हाताने खेळतात, तेव्हा नावावर जाऊ नये. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. दहा यार्ड झाले की नाही हे ठरतं दोन काठ्यांना बांधलेल्या साखळीने. मैदानाच्या कडेला दोन माणसं त्या काठ्या धरून उभी असतात. पंचांना शंका आली की साखळी आत न्यायची, ताणायची, आणि सगळं स्टेडियम श्वास रोखून तिच्याकडे बघतं. (साखळीकडे. शिरीषरावांकडे नव्हे.) आत नेताना जागा हलू नये म्हणून साखळी कडेच्या ज्या पांढऱ्या रेघेवरून जाते तिथे तिला आधीच एक चिमटा लावून ठेवतात. सगळी विद्या त्या चिमट्यात आहे.

ती मला कोणत्याही कॉलेजाने शिकवलेली नाही. नियमांचं जाडजूड जर्मन पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून मी एकट्याने वाचलं आणि इथल्या जुन्या हौशी क्लबात पुढची काठी कमावली. शिरीषराव गार्चिंगला डॉक्टरेट करून इथे नोकरीला आले आणि रविवारी घरी बसून अरुंधतीला फोडणीबद्दल सूचना देऊ लागले, तेव्हा तिनेच हात जोडले, "भावजी, यांना कुठेतरी न्या हो!" म्हणून मी त्यांना मागची काठी दिली. तेव्हा ते डॉक्टर असतील, पण साखळीत माझे विद्यार्थी.

यंदा ती नवी व्यावसायिक लीग आली आणि आमच्या गावात 'ओकर थंडर' नावाचा संघ उभा राहिला. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा (ओहायोचा, एरवी शाळेत पोरांना कवायत शिकवायचा), तिकडे गेला. किकर गेला. ढोलवाले गेले. ब्राटवुर्स्टवाला (भाजलेले सॉसेज विकणारा) गेला तेव्हा मात्र मी हळहळलो. आणि मग शिरीषराव गेले. त्यांना जाकीट मिळालंय. काळं, चंदेरी शिवणीचं, पाठीवर वीज. अरुंधतीने फोटो ग्रुपवर टाकला, आपण खाली फेट्यापासून फटाक्यांपर्यंत सगळी चित्रं लावलीत. माझ्या कारखान्यातल्या मापतपासणीच्या प्रशस्तिपत्रावर आपण अंगठा दाखवला होता.

साखळीची दोन टोकं असताना लीगने एकच का उचललं? ऐकिवात असं आहे की मी किचकट आहे. मागे एका सामन्यात साखळीची एक कडी वाकलेली आढळली म्हणून मी खेळ थांबवून पक्कड मागवली होती, ते अजून लोकांच्या मनात आहे. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर! मोजणारा माणूस किचकट नसावा तर काय दिलखुलास असावा?

असो. मला राग नाही. केवळ तांत्रिक कारणांवरून सांगतो की ही लीग टिकणार नाही. अमेरिकेतल्या बड्या मंडळींनी इथे चालवलेली लीगसुद्धा २००७ साली गाशा गुंडाळून गेली. मग या नव्यांचं काय? तिकडे निवड न झालेले खेळाडू इकडे येणार आणि तिकडून बोलावणं आलं की रात्रीत बॅग भरणार. शिवाय संघात अमेरिकन किती ठेवायचे यावर मर्यादा. म्हणजे उरलेले इथलेच, नोकऱ्या सांभाळून सराव करणारे. असं असताना जी मंडळी कडेच्या माणसाला चंदेरी शिवणीचं जाकीट देतात, त्यांचं भवितव्य मी काय सांगावं!

तरी मत ऐकीव असू नये म्हणून गेल्या रविवारी मी त्यांच्या सामन्याला गेलो. शुभाला सांगितलं, बाउमार्क्टमधून खिळे आणतो. (रविवारी या देशात खिळ्यांचं दुकान उघडं नसतं, हे ट्राममध्ये लक्षात आलं. शुभाने तरी पिशवी काढून दिली होती.) टोपी, काळा चष्मा, आणि स्वस्तातली खांबामागची जागा. शेवटच्या काही मिनिटांत मोजणीची वेळ आली. शिरीषराव हसत हसत साखळी घेऊन आत धावले (मोजणीला जाताना कुणी हसतं?), आणि मला साखळीवर चिमटाच दिसेना! पुढे काय झालं ते माझ्या इच्छेविरुद्ध झालं. मी "शिरीषराव, चिमटा! अहो, चिमटा कुठंय?" असं ओरडत पायऱ्या उतरलो आणि कठड्यावरून पाय टाकला. एक पाय. दुसऱ्या पायाची विजार अडकली. दोन धिप्पाड रखवालदारांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. शिरीषरावांनी काठी न सोडता तिथूनच हाक दिली, "सोडा त्यांना! माइन श्विप्पश्वागर!" (जर्मनमध्ये साडूला स्वतंत्र शब्द आहे. या भाषेबद्दल माझा आदर वाढला आहे.)

मोठ्या पडद्यावर आधी मी दिसलो, मग साखळी. तपशील अपुरा राहू नये म्हणून नोंदवतो की चिमटा होता. योग्य रेघेवर, मी शिकवला होता तसाच. खांब आड आला.

तेव्हा अण्णा, आपण विचारलंत, मी कुठे दिसत नाही. आता दिसलो. अरुंधतीचा ओजस तो व्हिडिओ ग्रुपवर टाकेलच. आपण विजारीच्या आधी थांबावं. त्यानंतर शिरीषरावांचे फोन आले, मी घेतले नाहीत. परवा ते घरी आले, तेव्हा मी आंघोळ लांबवली.

आईंना नमस्कार सांगावा.

आपला थोरला जावई (हे पद तरी कोणत्या लीगला नेता येणार नाही),
यशोधन

ता. क. : त्यांच्या साखळीचं दुसरं टोक धरणारा कॉलेजातला मुलगा र्युसेल्सहाइमला प्राक्टिकुमसाठी (म्हणजे कारखान्यात उमेदवारी करायला) चाललाय म्हणे. म्हणजे जागा रिकामी होते. मी मागणार नाही. परंतु शिरीषराव लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यावरून रुसले होते आणि आपण स्वतः स्कूटर काढून मठ्ठा आणला होता. मी आजतागायत रुसलेलो नाही. माझा तो हक्क शिल्लक आहे, आणि या पत्राद्वारे मी रुसलो आहे. वाण नको, चांदी नको (अनारसे आणावेत). धोंड्याच्या जेवणात आपण सहज विषय काढावा, असा की शिरीषरावांना वाटावं, कल्पना त्यांचीच.

ता. ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी शुभाने पत्र वाचलं. कपाट उघडलं आणि माझ्या पुढ्यात जाकीट टाकलं. काळं, चंदेरी शिवणीचं. परवा मी आंघोळीत असताना शिरीषराव हेच देऊन गेले होते. पुढच्या सामन्यापासून दुसरं टोक साडूच धरेल, असं त्यांनी संघाला आधीच सांगून ठेवलंय. मी विचारलं, मग दिलं का नाहीस? म्हणाली, "तुम्ही उठता-बसता लीग बुडणार म्हणत होतात. म्हटलं, बुडाली की देऊ."

तरी लीगबद्दल वर लिहिलेलं खोडलं आहे असं समजून वाचावं. उत्तम माणसं येताहेत, टिकेल.

जाकीट घालूनच हे लिहितोय. डावी बाही किंचित आखूड आहे, ते मी त्यांना लेखी कळवेन. पण पाठीवर विजेखाली जर्मनमध्ये 'साखळी २' असं छापलंय, आणि शिरीषरावांच्या पाठीवर 'साखळी १'. थोरला कोण, हे लीगला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा रुसवा मागे घेतलेला नाही. विषय तेवढा बदलला आहे.