माझ्या पश्चात संगणक कोणी चालू करावा

दिनांक ९ फेब्रुवारी २०२३, गुरुवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. संगणकाच्या पेटीच्या चारही स्क्रूंवर नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत, म्हणजे कोणी पेटी उघडली तर कळेल. ते वाळेपर्यंत मी हे मृत्युपत्र लिहीत आहे.

मी, वय सव्वीस, शिक्षण नववी, काम काचा कापण्याचे, पूर्ण शुद्धीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की काही पाजलेले नाही. उद्या सकाळी माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "अगदी साधं ऑपरेशन आहे." हेच वाक्य त्यांनी आईला बाजूला घेऊन पुन्हा सांगितले. साधे असते तर एकदा सांगून भागले असते.

१. बँकेतली शिल्लक, सायकल आणि कपडे आईला. काच कापायचे कटर कारखान्यातल्या उस्तादांना परत. ते त्यांचेच आहे, हे बहुधा ते विसरलेत.

२. संगणक मी पाच वर्षांत एकेक भाग घेऊन जोडला आहे. आतेभाऊ त्याच्या टीव्हीला लावायच्या खेळाच्या डब्याची बढाई मारतो. तो डबा बिघडला की दुकानदाराच्या पाया पडा. माझा पंखा गेला तर मी पंखाच बदलतो. जुने खेळ नव्या भागांवर चालतात, जड खेळाला चित्राची सफाई कमी करून भागवता येते, आणि त्याच यंत्रावर आईचे वीजबिलही भरले जाते. सबब त्याचे सुटे भाग करून विकू नयेत. आतेभावाला तर रिकामे खोकेही देऊ नये. मागच्या वर्षी नेलेला हेडफोन त्याच्याकडून "हरवला" आहे.

३. खेळ एकूण एकतीस. पुढे जो कोणी घेईल, त्याने माझ्या रीतीने घ्यावेत. जाहिरात पाहू नये. आधी वाईट अभिप्राय वाचावेत, त्यातही शंभर तास खेळून मग शिव्या देणाऱ्याचे. आपल्या यंत्राला झेपेल का ते पाहावे. नवा निघाला त्या दिवशी घेऊ नये, किंमत उतरू द्यावी. दोन तासांच्या आत आवडला नाही तर परत करून पैसे घ्यावेत. मी घड्याळ लावूनच बसतो. फुकटच्या खेळावर सर्वांत जास्त संशय धरावा. आणि मध्येच थांबवता येत नाही, असा खेळ घरात आणू नये.

४. दादाला काहीही नाही. शहर वसवण्याच्या खेळात मी बारा तास घालवून तो सोडून दिला होता. जूनपासून खेळलेल्या तासांचा आकडा आपोआप चढू लागला. आज दोनशे आठ आहे. दादाचे दुकान दुपारी बंद असते आणि मी कारखान्यात असतो. मी त्याला धरला. तो खाली बघत म्हणाला, "हो, मीच. किती द्यायचे?" मी विजेचे तासाला दहा लावले. दर महिन्याला त्याने निमूटपणे दिले. सुट्ट्या पैशांसाठी गिऱ्हाइकाशी वाद घालणारा माणूस निमूट देतो, तेव्हा तो काहीतरी दडवत असतो.

(पावणेचार. वहिनी चहा घेऊन आल्या, म्हणून लिखाण थांबवले. झालेले बोलणे जसेच्या तसे नोंदवतो.)

"भाऊजी, ऑपरेशननंतर किती दिवस घरी?"

"तीन आठवडे. का?"

"दिवसभर?"

"मग? टाके घेऊन नाचायला जाऊ?"

त्यांचा चेहरा पडला. दीर जिवंत परत येणार हे ऐकून! मी चहाचा कप लांब सरकवला.

"तीन आठवडे माझी पाण्याची लाईन अर्धीच राहणार," त्या पुटपुटल्या.

"कुठली लाईन?"

"नदीपलीकडची." आणि त्यांनी जीभ चावली.

"वहिनी, तुम्ही?"

"तुम्ही एकदा खेळ चालू ठेवून कामावर गेलात. सगळे रस्ते एकाच चौकात आणलेले. रुग्णवाहिका अडकून पडल्या होत्या, भाऊजी. फरशी पुसता पुसता मला बघवेना."

"आणि परवलीचा शब्द?"

"आईंची जन्मतारीख. या घरात ती आपण दोघंच लक्षात ठेवतो."

"मग दादा 'मीच' का म्हणाला?"

"मीच सांगितलं होतं, माझं नाव घेऊ नका. सगळे हसतील."

मी तपासल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. लगेच खेळ उघडला. लोकसंख्या एक लाख बारा हजार. कुठेही कोंडी नाही. माझ्या चौकात बाग आहे.

५. कलम ४ रद्द. ते खोडलेले नाही, कारण खाडाखोड दिसली की लोकांना संशय येतो. संगणक, एकतीस खेळ आणि माझी खुर्ची वहिनींना. दुपारी दोन ते पाच त्या खोलीत कोणी जाऊ नये, हाक मारू नये, हसू नये. हे कलम मी जगलो तरी लागू राहील.

साक्षीदार पहिला: खालचा शिंपी. म्हणाला, "खडे काढायला चाललास की लढाईवर?" पण वाचल्यावर सही केली. (सही)
साक्षीदार दुसरा: शेजारचे घड्याळवाले. चष्मा घालून सही केली, याची खात्री केली आहे. (सही)

लिहून देणार: (सही)
स्थळ: माझी खोली. वेळ: सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे.

हिशेब
संगणकावर खर्च: ६१,४००
खेळांवर खर्च: ७,८५०
दादाकडून चुकून घेतलेले, १९६ तासांचे: १,९६०
आज परत द्यायला गेलो. त्याने हात मागे घेतले. म्हणाला, "बरा होऊन ये, मग दे."
देणे बाकी: १,९६०