दारात थांबलेली जीप

साहेब,

"फुगाच आसंल" म्हणून मी तुमच्या कागदावर सही केली. ते खोटं हाय.

बुधवारी दिस उगवताना मी उसाला पाणी पाजत व्हते. वर पराती एवढं चकचकीत कायतरी थांबलेलं. आवाज न्हाई, धूर न्हाई. फुगा वाऱ्यासंगं जातो. ह्ये वारं सुटलेलं आसताना जाग्याव थांबलं आन मग सरळ वर गेलं. पोलीस पाटलाला मीच सांगितलं. त्यानं वर कळवलं, पन तुमी जीप घिऊन याल ह्ये कुनी बोललं न्हाई.

आमच्या गावात घरटी एक फौजी हाय. मिलिटरीची जीप आली की बाया दारात येत्यात, कुनाच्या घरापुढं थांबती ते बघाय. माझ्या घरापुढं थांबली. माझा सौमित्र बॉर्डरवर हाय. शेजारच्या अनसूयाकाकूनं काय न इचारता माझा तवा उतरवून चूल इझवली. सून मयूरी पोटुशी हाय. ती उंबऱ्यातच बसली आन म्हणाली, "आत्या, त्यांला सांगा, घर चुकलं."

आन तुमी कागद काढून इचारलं, "बाई, आकाशात काय दिसलं?" जीप दारातनं लवकर हलावी म्हणून मी फुगा म्हणलं.

तुमच्याव राग न्हाई. पन ह्ये पत्र मी पेटीत टाकणार न्हाई. ह्ये पोचलं तर खात्री कराय तुमची जीप परत यील. आता वर काय बी चमकू दे, मी खाली उसाच्या सरीतलं पाणी बघीन.

सौमित्रची आई,
रंजना