दिवसभर तिन्हीसांज

॥ श्री ॥

ट्रॉम्सो, नॉर्वे
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आईस,
दीपालीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तू नुसतं होय होय म्हणतेस, म्हणून हे पत्र. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. तूही तसंच कर. बाबा बोटीवर असताना तू त्यांना बंदरोबंदरी पत्रं धाडायचीस, तुला हे नवं नाही.

बेत असा. डिसेंबरात तू तीन आठवडे इकडे यायचंस. मुंबईला जाऊन अंगठे देऊन आलीस तो व्हिसा डिसेंबरपासून चालतो. कुत्र्यांच्या गाडीतून बर्फावर फेरी, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासेमारी, पायाला फळ्या बांधून डोंगरात चालणं, बोटीतून देवमासे बघणं, आणि रात्री आकाशातला तो उजेड. बाबांनी तरुणपणी जहाजावरून पाहिला होता. म्हणायचे, वर कोणीतरी हिरवी लुगडी वाळत घातलीत असं वाटतं, एकदा तुझ्या आईला, मथुरेला, दाखवायला हवं. तुम्ही दोघं येणार होतात. आता तू तरी ये.

माझ्या गॅलरीच्या कठड्यावर रोज एक कावळा येतो. इथल्या कावळ्यांचं डोकं आणि पंख काळे, बाकी अंग राखाडी. मी फोटो पाठवला तेव्हा बाबांनी विचारलं होतं, थंडी म्हणून बंडी घातलीय की काय त्याने.

नोव्हेंबरअखेर इथला सूर्य मावळतो तो जानेवारीच्या मध्यावर उगवतो. गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा त्या अंधारातूनच मी निघाले आणि चौथ्या दिवशी पोचले. यंदा तो दीड महिना एकटीने काढायचा म्हटलं की भीती वाटते. तू असलीस तर निभेल.

हर्षददादाला नमस्कार. तुझा लोभ आहे तेवढा पुरे, फक्त तो घेऊन ये.

तुझी,
दीपाली


॥ श्री ॥

काळबादेवी, रत्नागिरी
२० सप्टेंबर २०२५

चि. दीपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोटोत खालची ओळ कापली गेली, त्यामुळे लोभ असावा की नसावा ते कळलं नाही. असावा असं धरून लिहिते.

बाय माझे, आईला कुत्र्यांच्या गाडीत बसवतेस होय? इथे शेजारच्या बसणी गावापर्यंत रिक्षाने जाऊन आले तर घरी येऊन मणके मोजून घ्यावे लागतात. आणि बर्फाला भोक पाडून मासे धरायचे ते कशाला? यमुनाबाई दारात बांगडे घेऊन येते, तिच्याशी घासाघीस करते तेवढा खेळ मला पुरतो. तरी येईन. हिरवी लुगडी बघायचीच आहेत. ह्यांनी उभ्या जन्मात मला एक हिरवं लुगडं आणलं, ते पण जहाजातल्या कोणीतरी निवडून दिलेलं.

पण डिसेंबर जमायचा नाही गो. मार्गशीर्ष वद्य दशमीला, म्हणजे चौदा डिसेंबरला, ह्यांचं वर्षश्राद्ध. पुतण्या म्हणून हर्षद करील सगळं, पण घरची बाई घरात नको? लोक काय म्हणतील ते सोड, मलाच पटायचं नाही. तीस वर्षं ह्याच पडवीत बसून मी त्यांची वाट पाहिली. ही शेवटची वाट पण इथेच बघीन. पानाला कावळा शिवला की मी मोकळी. जानेवारीच्या शेवटी येते. तोवर तुझा सूर्यही उगवेल, एकमेकींची तोंडं तरी दिसतील.

अंधाराला काय घाबरायचं? तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लाव. आणि तिन्हीसांजेला आडवी होऊ नको, लहानपणापासून सांगत आले तेच. दिवेलागणीला जो लोळतो त्याच्या दारातून लक्ष्मी माघारी जाते.

जेवत जा. लोभ ठेव, आणि फोटो काढताना हात स्थिर ठेव.

तुझी आई


ट्रॉम्सो
२६ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सगळी बुकिंगं जानेवारीच्या शेवटावर नेली. कुत्र्यांची गाडी, तळ्यावरची मासेमारी, बोट. गाडीवाल्या बाईने विचारलं की आईंना थंडीची सवय आहे का. मी म्हटलं, आमच्याकडे पंखा दोनवर ठेवला तरी ती चादर घेते.

श्राद्ध आधी, हे तुझं बरोबरच आहे. मी रागावलेली नाही. हल्ली मला रागवायलाही फार वेळ लागतो. दिवाळी आपल्याला नव्हतीच, त्यामुळे कंदील लावला नाही, काही केलं नाही. प्रयोगशाळेतून येते, बसते. माशांचे रोग शोधण्यात दिवस जातो. कावळा येतो, पण त्याला काही घालायचं राहून जातं.

बाकी ठीक. काळजी नसावी.

दीपाली


काळबादेवी, रत्नागिरी
९ नोव्हेंबर २०२५

चि. दीपालीस,
अ. उ. आ.

रत्नागिरीच्या बाजारात लोकरीची जाड बनियन मागितली, तर दुकानदाराने मला बसायला स्टूल आणि प्यायला पाणी दिलं. त्याला वाटलं ऊन लागलं. शेवटी हर्षदने मुंबईहून आणली. बूटही आणलेत, एकेक बूट पायलीभर वजनाचा. सवय व्हावी म्हणून रोज सकाळी ते घालून समुद्रावर पुळणीवरून चालते. धोंडू, ह्यांचा बोटीवरचा दोस्त, काल विचारत होता वहिनी मिलिटरीत लागल्या काय. हसू दे मेल्याला.

तुझं पत्र मात्र एवढंसं होतं. रागवायला वेळ लागतो म्हणजे काय ते मला उमगलं नाही. लहानपणी तुला राग यायला माशी बसली तरी पुरायची. भात-आमटी तरी करतेस ना? खोटं लिहू नको. तू मला फसवू शकत नाहीस, फक्त मी वेळेवर लक्ष देत नाही एवढंच.

उत्तर सविस्तर धाड. तुझ्या चार ओळींवर माझं पोट भरत नाही.

आई


ट्रॉम्सो
२९ नोव्हेंबर २०२५

आई,

कुत्र्यांच्या गाडीचं बुकिंग रद्द केलं. बाकीचीही केली. तू जानेवारीत नको येऊस. तुला उगाच त्रास. एवढ्या लांब येऊन तू काय बघणार?

दोन आठवडे कामावर गेले नाही. रजा टाकली आहे. तुला सांगणार नव्हते.

परवापासून सूर्य वर येत नाही. दुपारच्या सुमाराला थोडा निळा उजेड येतो, दिवे लावायच्या वेळी आपल्या अंगणात असतो तसा, आणि मग रात्र. म्हणजे इथे दिवसभर तिन्हीसांजच. तिन्हीसांजेला आडवं होऊ नये म्हणतेस. मग इथे आडवं कधी व्हायचं आणि उठायचं कधी, ते मला कळेनासं झालंय. म्हणून मी पडूनच असते.

श्राद्धाच्या दिवशी बाबांना माझ्याकडून नमस्कार कर.

दीपा


॥ श्री ॥

काळबादेवी, रत्नागिरी
३० नोव्हेंबर २०२५

चि. दीपालीस,
पोटभर आशीर्वाद.

मी येते आहे. जानेवारीत नाही, ह्याच आठवड्यात. शुक्रवारचं तिकीट हर्षदने काढलं. तो मुंबईपर्यंत सोडायला येतो. पुढे मला ऐकू येत नाही आणि इंग्रजीही येत नाही, म्हणून त्याने एका पुठ्ठ्यावर माझं नाव, तुझं नाव आणि पत्ता लिहून दिलाय. तो गळ्यात अडकवून जाणार. बाजारात पाठवलेल्या बोकडासारखी दिसेन, दिसू दे.

तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, की भीती वाटते, तू असलीस तर निभेल. मी ते वाचलं आणि पुढे बांगड्यांच्या गोष्टी लिहिल्या. आज ती ओळ पुन्हा वाचली आणि पडवीत बसून रडले. बाय, तुझं मन आजारी पडलंय. ताप आला तर कळवतात, मग हे का लपवायचं? माणसाचा पाय मोडतो तसं मन मोडतं. तिथल्या डॉक्टरला उद्याच्या उद्या फोन कर आणि हेच सांग, जसं मला लिहिलंस तसं.

श्राद्धाला मी नसणार. यमुनाबाई म्हणाली, नवऱ्याच्या वर्षाला बायको परदेशात फिरायला, हे काही बरं दिसत नाही. मी तिला म्हटलं, गेलेल्याचा घास पुतण्या ठेवील, जितीचा घास कोण भरवणार? तरी रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ह्यांना वाईट वाटलं तर, असं मनात येतंच. तीस वर्षं वाट पाहिली आणि नेमकं शेवटच्या वेळी मी उंबऱ्यात नाही. पण वाईट वाटलं तर मला वर गेल्यावर बोलतील. तू आत्ता आहेस.

कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुके बोंबील घेतलेत. कुत्री नकोत, देवमासे नकोत, काही दाखवू नको. मी पोचेपर्यंत फक्त एक कर. दार आतून लावू नको.

तुझी आई


॥ श्री ॥

काळबादेवी, रत्नागिरी
१४ डिसेंबर २०२५

ती. काकीस,
हर्षदचा सा. न. वि. वि.

दीपाली कशी आहे? तू पोचल्यापासून चार शब्दांपलीकडे काही कळवलं नाहीस, त्यामुळे जीव टांगणीला आहे.

काकांचं वर्षश्राद्ध आज झालं. आमच्या हिने, कमळाने, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर सगळं काकांच्या आवडीचं केलं. भटजी वेळेवर आले. पण काकी, तुला खोटं लिहिणं जमत नाही. कावळा शिवला नाही. माडावर पाच-सहा बसले होते, बघत होते, एकही खाली उतरला नाही. मी हात जोडून सांगितलं, घराला कुलूप लागू देणार नाही, आंब्याची कलमं विकणार नाही. धोंडूकाकांनी पानाशेजारी चहाचा कप नेऊन ठेवला. दुपार टळली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळींनी जेवून घेतलं.

मागीलदारी बायका काकांबद्दल कुजबुजत होत्या, की बायको जाग्यावर नाही म्हणून लवू रुसला. तू मनाला लावून घेऊ नकोस म्हणणार होतो, पण तू घेणार हे ठाऊक आहे.

दीपालीला माझा आशीर्वाद सांग. तुम्हा दोघींवर लोभ आहेच, तो इकडून कमी व्हायचा नाही.

तुझा,
हर्षद


॥ श्री ॥

ट्रॉम्सो
१५ डिसेंबर २०२५

चि. हर्षदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र काल वाचलं. आज लिहिते, कारण काल हात चालला नाही.

पोचले तेव्हा दार उघडं होतं. दीपाली अंथरुणात, तोंड भिंतीकडे. केसांत गुंता एवढा, की तेल लावून सोडवायला दोन दिवस लागले. डॉक्टर बाईंकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्यात. गुण यायला वेळ लागेल म्हणाल्या. कुळथाची पिठी वाटीभर खाते, कधी तीही नाही. बाहेर बघावं तर सगळं निळं आणि काळं. माझे पायलीचे बूट दाराशी तसेच आहेत. हिरवी लुगडी अजून दिसली नाहीत, रोज आभाळ भरलेलं असतं.

काल सकाळी, तुझं पत्र यायच्या आधी, मी नुसता भात केला. श्राद्ध म्हणून नाही, इथे ना भटजी ना दर्भ. पण दिवस ह्यांचा आहे हे पोटाला कळतं. बशीत मूठभर भात, वर दही, आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. दीपाली सांगायची तो बंडीवाला कावळा आला. बशीपासून हातभर लांब बसला आणि बघत राहिला. मी काचेआडून सगळं बोलले. घर हर्षद बघतोय, कलमं आहेत, मी धड आहे, मी तुम्हाला सोडून आले म्हणून रागावू नका. तो हलेना. भात गोठायला लागला. मला रडू फुटलं.

माझा आवाज ऐकून दीपाली उठली रे. मी उठवली नाही. आपली आपण उठली, गोधडी ओढत आली, माझ्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं. मग गॅलरीचं दार उघडून त्या गारठ्यात अनवाणी बाहेर गेली आणि बशी एका बोटाने त्याच्याकडे सरकवली. तिचं बोट बशीवरून निघायच्या आत कावळा शिवला.

वर्षभरात ती रडली नव्हती. काल तिथेच उभी राहून रडली. आज परत पडून आहे, तेव्हा सगळं बरं झालं असं कोणाला सांगू नको. पण दुपारी निळा उजेड आला तेव्हा दिवा लावला, त्याला अंथरुणातून तिने हात जोडले.

मागीलदारच्या बायकांना सांग, लवू रुसला नव्हता. जन्मभर हा माणूस घरी कधी वेळेवर आला नाही, श्राद्धाला तरी कसा येईल. लेकीकडे गेला होता.

माडाखालचं पान उचललंस ना? धोंडूला म्हणावं, चहा पोचला. माझा लोभ घे, आणि पडवीतला दिवा मी येईपर्यंत तू लावत जा.

तुझी काकी,
मथुरा