दुसऱ्या वाट्यातला लाडू

धामणगाव बढे, ता. ११ फेब्रुवारी १९६४

सौ. चांगुणाताईस कडूबाचा सा. न.

आधी गुन्हा सांगतो, मंग खुशाली. ताई, मी कोकिळाच्या डब्यातला लाडू खाल्ला.

दादाच्या कोकिळाले जेवलं की आंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, हे तुले मालूम आहे. त्यासाठी दवाखान्यातली मापाची बाई आली. तिनं वहिनीले सांगतलं, पोरगी जे खाईन त्याच्याच वजनाचा दुसरा वाटा डब्यात ठेवा, तो दवाखान्यात तपासला म्हणजे पोटात शेंगदाणा किती जाते ते समजते. वहिनीचे दाण्याचे लाडू तुले माहीतच. एक दिवस मी डब्यातला खाल्ला अन् तेवढ्याच वजनाची गुळ-भाकर कोंबली. तराजूले काय समजते!

पण काल बाई म्हणे, आठवडाभर डब्यात दाणा निघालाच नाही, म्हणजे गांधी दाण्यानं उठत नाहीत, बिनधास्त चारा. आज वहिनीनं आख्खा लाडू चारला. कोकिळाचे डोळे सुजून बंद झाले, श्वास शिट्टीसारखा वाजे. कशीबशी वाचली. मी काय करू?

तुह्या लाडाचा, सध्या भेदरलेला,
कडूबा

पिंपळगाव राजा, ता. १५ फेब्रुवारी

चि. कडूबास आशीर्वाद.

काऊन बे, माह्या लग्नात मामंजीच्या जोड्यात शेण भरलं तवा मी झाकलं. हे नाही झाकत. आत्ताच बाईकडं जा अन् कबूल कर, नाहीतर वहिनी पुन्हा चारीन.

अन् घरात डबा ठेवूच कसा देला? कोकिळाची जुळी बहीण जाऊन वर्ष नाही झालं. जुळ्यातलं एक गेलं की दुसऱ्याच्या जेवणाएवढा वाटा बाजूले काढत नाहीत, माय किती सांगे. गेलेलं लेकरू तो आपला वाटा समजून परत येते म्हणे. मी मानत नाही. पण तू एकच दिवस खाल्ला ना? मंग बाकीचे लाडू कोणं खाल्ले?

लवकर कळव. जीव टांगला आहे.
चांगुणा

धामणगाव बढे, ता. १९ फेब्रुवारी

सौ. ताईस सा. न.

बाईले सांगतलं. सारेच लाडू मी खाल्ले असं सांगतलं. लगेच पटलं सगळ्याईले, माह्या नावाले तेवढी किंमत आहे! दादानं कानफटात देली. कोकिळाचा दाणा बंद झाला. आता आंग साफ आहे, घरभर दुडूदुडू पळते.

पण तुह्या प्रश्नानं मले बसू देलं नाही. काल भर दुपारी वहिनी वावरात होती. मी डब्यात लाडू ठेवला, झाकण गच्च लावलं अन् उंबऱ्यावर बसलो. कोणी आलं नाही. तितक्यात पाळण्यातून कोकिळा हासली. माह्याकडं नाही, डब्याकडं पाहून. हात असा पुढं केला, जसं कोणी तिले घास देऊन राह्यलं.

मी झाकण काढलं. डबा रिकामा. झाकणाच्या आतल्या बाजूले बारकी तुपकट बोटं उमटली होती.

डबा मी बाईले परत करून टाकला. पण वहिनीनं त्या गेलेल्या पोरीचं झबलं अजून धुतलं नाही, ताई. पोर येते हे तिले समजलं तर ती रोज लाडू करीन, रोज दुसरा वाटा मांडीन. अन् तिकडून कोणी कोकिळाले घास देला तर मी कसा अडवू?

तुह्या पाया पडतो, हे पत्र चुलीत घाल अन् कोणाले सांगू नोको. वहिनीले तर नाहीच नाही. चोर मीच राहू दे.

तुहा कडूबा