द्वारकाबाईंनी लख्ख घासलेला डबा

तीर्थरूप गोकुळमामांना,

सायलीचा वाकून नमस्कार. मामींची कंबर आता बरी असेल, तुमचा खोकला आवरला असेल आणि खेकडे खाणं आवरलं नसेल, अशी आशा आहे. (माझं शिक्षण त्यावरच चाललंय.) मीही खुशाल आहे असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

आईला वाटतं, मी संभाजीनगरात कुठल्याशा औषधावर संशोधन करते. खरं तुम्हालाच ठाऊक. खेकड्याचं कवच ज्या चिवट कायटिनचं असतं, ते पचवणारे जिवाणू मी पाळते. मामींनी वर्षानुवर्षं मोरीमागच्या उकिरड्यावर टाकलेल्या टरफलांतच ते सापडले. कवच तोडणारं एंझाइम ते स्वतःच बनवतात. त्यांना नुसतं कायटिन खाऊ घालून मी पिढ्यान् पिढ्या वाढवल्या, ते एंझाइम कसं पालटत जातं ते बघायला. काही जिवाणूंनी तर असलं एक एंझाइम फार पूर्वी वनस्पतींकडून उचललं असावं, असं जाणकार म्हणतात. शेजारणीकडून विरजण आणावं तसं. ही उपमा मला फार आवडायची. आता विरजण हा शब्दही नको झालाय.

झालं असं, की सुट्टीत प्रयोगशाळेची वीज जाणार होती. म्हणून जिवाणू वाढवलेलं ते पांढरं दाट पाणी मी स्टीलच्या डब्यात ओतलं (बाटली रिक्षात फुटली असती) आणि चिकलठाण्याला घरमालकीण द्वारकाबाईंच्या फ्रिजमध्ये ठेवलं. बाई माळकरी, कांद्याचा वास आला तरी खिडकी लावतात. त्यांना खेकड्याचं काय सांगणार? काहीच सांगितलं नाही. शेजारच्या शाइस्ताभाभी विरजण मागायला आल्या. विरजणाला नाही म्हणू नये, म्हणून बाईंनी माझ्या डब्यातलं चमचाभर दिलं आणि उरलेलं हुंगून ओतून टाकलं. "दही लई नासलं होतं गं पोरी. डबा लख्ख घासून ठिवलाय, वरून उकळतं पाणी बी घातलं." किती प्रेमानं सांगत होत्या! मी रडायला लागले, तर घरची आठवण आली समजून त्यांनी शेंगदाणे-गूळ दिला. तो खाल्लाही.

मग भाभींकडे धावले. दूध फाटलं म्हणून त्यांनी ते मोरीत ओतलेलं. निदान थोडे जिवाणू टिपायला मी कापसाचा बोळा घेऊन मोरीत शिरले. "क्या गिर गया बेटा, अंगूठी?" मी हो म्हटलं. आता अख्खी गल्ली अंगठी शोधतेय, आणि बोळ्यावर मोरीतलं सगळं उगवलं, आपलं सोडून.

मामा, मला खरंच भीती वाटतेय. निदान मूळ वाण तरी माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवलं नाही, तर माझं संशोधन इथंच संपलं. मग आई पाचोडच्या स्थळाला होकार कळवेल, आणि मी कुणाच्या तरी घरी खरोखरचं दही लावत बसेन.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
सायली

ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच, की त्या उकिरड्यावरची ओंजळभर माती पैठणच्या एसटीनं पाठवा. आणि काहीही करून मामींना उकिरडा हलवू देऊ नका.

दुसरा ता. क. आत्ताच आईचा फोन आला. मामींनी परवाच उकिरड्यावर माती ओढून, वर सारवून तुळस लावली म्हणे. मग तुळशीखालची माती पाठवा, जरा खोलातली. त्या तुळशीची माती मामांकडून मागवते, असं मी फोनवर आईला म्हटलं, ते द्वारकाबाईंनी ऐकलं. पैठणच्या तुळशीची माती येणार म्हणून त्यांनी आत्तापासून देव्हाऱ्यात जागा केलीय. तेव्हा मामा, नीट चाळून पाठवा. एक जरी नांगी निघाली, तरी मला खोलीसुद्धा नवी शोधावी लागेल.