भोंगा आठ दिवस वाजला नाही

पिपरटोला, ता. सिंदेवाही
२४ मार्च २०२५

चि. संघप्रिया हिस,
नंदिनीआत्याचा सप्रेम जयभीम.

वि. वि., आज सकाळपर्यंत घरी सगळे सुखरूप आहेत. उद्याची खात्री देत नाही. रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येते आणि तिथे एकटीने जायची माझी छाती नाही, म्हणून हे पत्र दुपारच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देते आहे.

जंगलाच्या कडेला वाघांसाठी काम करणाऱ्या त्या संस्थेने कॅमेरे लावले. वाघ दिसला की पंचायतीतला कॉम्प्युटर त्याला ओळखतो आणि गावात भोंगा वाजतो. तो कॉम्प्युटर तूच तुमच्या ऑफिसातून, तिथे जुना झाला म्हणून, मिळवून दिला होतास. दोन वर्षे भोंगा आठवड्यातून तीनदा तरी ओरडायचा. सोळा तारखेच्या रविवारी पंचायतीच्या लहानूने त्यात नवा प्रोग्राम घातला आणि तेव्हापासून भोंगा गप्प आहे. गाव खूश! म्हणे वाघ गेला. मोहफुलांचे दिवस, बाया पहाटे चारला टोपल्या घेऊन निघतात, आणि सगळ्यांच्या पुढे तुझी आई, आमची अंजनावहिनी. कॉम्प्युटरवर हिरवा दिवा लागला आहे ना, मग भेव कायचा, असं तिचं म्हणणं.

आज दाखल्यासाठी पंचायतीत गेले तर पडद्यावर इंग्रजी चौकट. लहानू ती माशी हाकलावी तशी मिटवणार, तोच मी त्याचा हात धरला. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टीच्या धाकाने एवढं तरी शिकवलं आहे, की पूर्ण वाचल्याशिवाय कशाला हो म्हणू नये. लिहिलं होतं, हा प्रोसेसर जुना आहे, चित्र ओळखणारा भाग त्यावर चालणार नाही, बाकी प्रोग्राम चालेल. म्हणजे दिवा लागेल, कॅमेरे फोटो पाठवतील आणि वाघ समोर उभा राहिला तरी यंत्राला तो ओळखता येणार नाही? लहानूला विचारलं तर म्हणतो, बाई, थे त रोजच येते, मी रोजच मिटवतो. घाबरवायचंच असेल तर घाबरणाऱ्याच्या भाषेत लिहावं, एवढी अक्कल हे प्रोग्राम बनवणाऱ्यांना नसावी?

वहिनीला सांगितलं तर हसली. म्हणाली, बाई, तुमाले इंग्रजी वाचून भेव लागते, मले वाचताच येत नाई, मंग मी काऊन भिऊ?

उद्या पहाटेही ती जाणारच. मोह वेचणारी बाई वाकलेली असते, आणि मागून वाकलेलं माणूस वाघाला हरणासारखं दिसतं म्हणतात. तू इंजिनियर आहेस. मी चुकत असेन तर वेडी म्हण, पण उत्तर उलट गाडीने धाड.

तुझ्यावर रागावायचा हक्क राखून,
तुझी आत्या


ऊर्जानगर
२५ मार्च

ती. आत्याबाईंस,
सविनय जयभीम.

पत्र काल संध्याकाळी मिळालं. तुम्ही चुकत नाही. नव्या प्रोग्रामला लागणारी सोय त्या जुन्या प्रोसेसरमध्ये नाहीच. हिरवा दिवा फक्त प्रोग्राम चालू असल्याचा आहे, वाघ नसल्याचा नाही. आईला जाऊ देऊ नका. भांडा, पाया पडा, टोपली लपवा, काहीही करा.

आणखी एक गोष्ट आहे. लहानूदादाला दोष देऊ नका. त्या रविवारी त्याने पाळीवर जाऊन मला फोन केला होता. म्हणाला, ताई, हे इंग्रजीत कायतरी विचारून राह्यलं, पुढे जायचं का म्हणते. मी ड्युटीवर होते. काय लिहिलंय ते वाचून दाखव, एवढंसुद्धा म्हटलं नाही. असले इशारे येतच असतात, हो दाब आणि मोकळा हो, असं सांगितलं. मीच सांगितलं, आत्या. रात्रंदिवस मशीन सांभाळायचा पगार घेणारी मी.

कालपासून आईचा फोन किती वेळा लावला त्याचा हिशेब नाही.  वीजकेंद्राचं बंद पडलेलं युनिट सुरू करायचं आहे, म्हणून शनिवारपर्यंत सुटी नाही. शनिवारी दुसरा कॉम्प्युटर घेऊन येते.

एवढंच मागते, की हे माझ्यामुळे झालं हे आईला कळू देऊ नका. आपल्या पोरीला यातलं सगळं समजतं, असं ती गावभर सांगत असते.

रागवा, पण दूर करू नका,
तुमची संघप्रिया


पिपरटोला
२७ मार्च

चि. संघप्रिया,
सप्रेम जयभीम.

आई जिवंत आहे. आधी ते लिहिते, मग बाकीचं.

तुझं पत्र काल दुपारी आलं. वहिनीला म्हटलं, तुझी पोरही नको जाऊ म्हणते. ऐकेना. म्हणाली, तिले काय मालूम, ते तिकडे कुलरात बसून राह्यली. टोपली लपवली तर शेजारच्या मनकर्णाची मागून आणली. मग मी चुलीपाशी बसून तुझं पत्र तिला अक्षरन् अक्षर वाचून दाखवलं, तुझ्या विनवणीसकट. शिव्या घालायच्या तर घाल. मी माफी मागणार नाही.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग पदर डोक्यावर घेतला आणि दिवे लागायच्या आत घरोघरी गेली. मी मागे मागे. प्रत्येक दारात मान खाली घालून तेच सांगायची, की माह्या पोरीनं चुकीचं दाबाले लावलं, भोंगा मेला हाय, पहाटे कोणी जाऊ नका. माझं इंग्रजी ज्यांच्या गळी उतरलं नव्हतं, त्यांना हे पटलं. स्वतःच्या लेकीची चूक कोणती आई उगाच सांगत फिरेल?

आज ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही वीस-बावीस जण थाळ्या वाजवत गेलो. फुलं दिसावीत म्हणून बाया मोहाखालचा पाला जाळून जमीन साफ ठेवतात. तुझ्या आईच्या झाडाखाली, त्या राखेत, वाघाचे पंजे उमटले होते. तो नुसता ओलांडून गेला नव्हता. बसला होता. अंगाचा ठसा होता, शेपटीचा होता, आणि ठशाखाली पहाटे पडलेली ताजी फुलं चपटी झाली होती. म्हणजे तिच्या वेळेला तो तिथेच होता. थाळ्या आपोआप थांबल्या.  समोरच्या सागावर कॅमेरा तसाच होता. त्याने वाघाला सगळा वेळ पाहिलं असणार आणि फोटोही पाठवले असणार.

परत येताच लहानूने हिरव्या दिव्याची वायर उपटली. त्याला दोष दिल्याबद्दल मी त्याची माफी मागितली, तो बिचारा माझ्याच पाया पडायला लागला. आता गाव घाबरून घरात आहे आणि मला तीन दिवसांनी जेवण गेलं.

घरोघरी सांगून आल्यापासून वहिनीने तुझं नाव काढलं नव्हतं. आत्ता पत्र मिटत होते, तर दारात येऊन उभी राहिली. लिहा म्हणाली, तिले म्हणा शनिवारी दुपारच्याच गाडीनं ये. संध्याकाळच्या गाडीनं येऊ नको. अन् फाट्यावर मी दिसल्याबिगर गाडीतून उतरू नको.

आम्हा दोघींचा राग आणि लोभ जसाच्या तसा आहे,
तुझी आत्या