घंटी थांबली की उठायचं

८ जानेवारी
दुकान उघडायच्या आधीच हायवेवरचा किराणावाला लॅपटॉप काखेत मारून उभा. मागच्या हप्त्यात त्याच्या मरायला टेकलेल्या मशीनमधलं विंडोज काढून फुकटचं लिनक्स टाकून दिलं. आज तक्रार अशी की सगळं जल्दी चालून राह्यलं, पण पहिल्यासारखं दिसत न्हाई. म्हणलं, बाबा, गोठ्याला रंग दिला, म्हैस तीच आहे, दूध काढ. गेला बडबडत.

पोरीच्या, रेणूच्या दंडाला नवा सेन्सर लावला. नऊ वर्षांची होती तेव्हापासून शुगर, म्हणजे म्हाताऱ्यांची न्हाई, लेकरांची. दिवसातून चारदा सुई. सेन्सर कंपनीचा आहे, पण कंपनीचं अ‍ॅप आपलं ऐकत न्हाई. म्हणून असल्याच लेकरांच्या मायबापांनी देशोदेशी बसून लिहिलेलं खुलं अ‍ॅप, ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा असं, तिच्या फोनमध्ये टाकलंय. तिच्या रक्तातला आकडा दर पाच मिनिटाला माझ्या दुकानातल्या स्क्रीनवर आणि बायकोच्या, संगीताच्या फोनवर. सत्तरच्या खाली गेला की तिघांकडं बोंब.

त्या बोंबेचीच भानगड. शाळेतल्या मॅडमचा फोन आल्ता. दहावीची पूर्वपरीक्षा, पेपर चालू असताना दप्तरातला फोन कोकलला, वर्ग हसला. परीक्षेपुरता आवाज नको म्हणल्या. बराबर आहे त्यांचं. दुपारी बसून कोडमध्ये अलार्मच्या ओळीपुढं दोन तिरप्या रेघा मारल्या. रेघा मारल्या की मशीन ती ओळ वाचत न्हाई. तिच्याकडं गप, आमच्याकडं बोंब चालू. कोडमधल्या बदलांच्या नोंदीत लिहिलं, ‘परीक्षेपुरतं. नंतर काढणे.’ कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असं करता आलं असतं का? विनंत्या करत बसलो असतो. असं काही जमलं की छाती फुगते माझी, खोटं कशाला लिहू.

१५ जाने.
पेपर संपले. रेणू म्हणते बरे गेले, म्हणजे गणित वाईट गेलं. सरकारी वेबसाइट दिवसभर गोल गोल फिरून राह्यली, लोक माझ्याकडं असे बघत होते की मीच फिरवून राह्यलो. संध्याकाळी काहीतरी करायचं होतं. आठवेना.

१९ जाने., रविवार
अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी रेणू आप्पांसंग, तिच्या आजोबांसंग, मेंढरांकडं गेल्ती. आप्पांनी कळप विकून सात वर्षं झाली, पण अकरा ठेवलीत. म्हणतात, वडलांनी मेंढरं केली, आज्यानं केली, मी काय मोबाईल चारू? मी दुकानात. एक बाई मुलाचा फॉर्म भरून घेत होती, अर्धा तास मी रेणूच्या आकड्याकडं बघितलं न्हाई. बघायची गरज काय, अलार्म आहे ना.

आप्पा बांधावर आडवे झाले होते. रेणू बाभळीखाली, पुस्तक घेऊन, मेंढरांवर नजर ठेवून. म्होरक्या मेंढीच्या गळ्यात घंटी असते. आप्पा म्हणले, घंटी कानाआड झाली म्हणून जाग आली. मेंढरं लोकाच्या ज्वारीत. रेणूला हाक मारली तर ती नुसती बघत होती. घामानं ओली. आप्पांना विचारलं, तुम्ही कोण. आप्पांच्या बंडीच्या खिशात सहा वर्षांपासून गुळाचा खडा असतो. तो फोडून बारीक बारीक तिच्या तोंडात घातला, चावून घेतला तिच्याकडून. मग मला फोन.

मी पोचलो तोवर वीस मिनिटं झालेली. बोट टोचून बघितलं तर ५४. गूळ खाऊन ५४. त्याच्या आधी किती असेल?

अलार्म वाजलाच न्हाई. माझ्याकडं न्हाई, संगीताकडं न्हाई.

२० जाने.
कोड उघडला. तीन मिनिटांत सापडलं. मी ज्या ओळीपुढं रेघा मारल्या ती नुसती आवाजाची न्हाई, त्याच ओळीतून आमच्याकडं निरोप जातो. आवाजाची ओळ खाली, चार ओळी सोडून. मारल्या तेव्हा एकदा तपासून बघितलं असतं तर? न्हाई बघितलं. आणि काढायच्याही राह्यल्या. बारा दिवस माझं लेकरू बिनघंटीचं फिरून राह्यलं आणि मी दुकानात लोकांना ज्ञान पाजून राह्यलो.

रेघा काढल्या. नोंद केली, ‘काढल्या.’ तीनदा खोटा आकडा घालून तपासलं. तिन्ही वेळा वाजलं. तिसऱ्या वेळी संगीता ओट्यापासून धावत आली, मला म्हणावं लागलं की तपासून राह्यलो.

जेवताना ती म्हणली, त्या कंपनीवाल्यांना चांगलं झापा, लेकरांच्या जिवाशी खेळतात. मी हो म्हणलो.

हो म्हणलो मी.

२४ जाने.
 जेवण जात न्हाई. आकडा १४० असला तरी बघतो, ९० झाला की उभा राहतो. गिऱ्हाईक म्हणलं, सर, तुमचं लक्ष न्हाई. खरंय.

अ‍ॅपवाल्यांच्या इंटरनेटवरच्या गटात माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं लिहून टाकलं. मी काय केलं, काय झालं. केरळातल्या एका बापाचं उत्तर आलं, त्यानंही एकदा असंच केल्तं. कुठल्यातरी थंड देशातल्या बाईनं लिहिलं, सांगितलं हे चांगलं केलं. म्हणजे सात समुद्रापलीकडच्या लोकांना माहीत आहे, आणि एका ताटाला बसणाऱ्या बायकोला न्हाई.

आयुष्यभर लोकांना सांगत आलो, कोड खुला पाहिजे, म्हणजे चूक लपत न्हाई, हजार डोळे बघतात. कुणी बघितलं? मी बदललेला कोड मीच मोडणार, मीच बघणार. हजार डोळे आपापल्या लेकरांकडं असतात.

२ फेब्रुवारी
आप्पांसंग चहा. विचारलं, घंटी वाजल्यावर जाग येत न्हाई का तुम्हाला? हसले. म्हणले, वाजती तोवर तर झोप लागती. घंटी थांबली की उठायचं.

दिवसभर ते डोक्यात. माझा अलार्म आकडा वाईट आला की वाजतो. आकडाच आला न्हाई तर? सेन्सर पडला, फोन मेला, मी रेघा मारल्या, तर सगळं गप, आणि गप म्हणजे बरं चाललंय असं आपण धरून चालतो. बसून नवीन तुकडा लिहिला, दुकानातल्या मशीनवरच, तिच्या फोनचा संबंध न्हाई. वीस मिनिटं काही आलं न्हाई की वाजायचं. या वेळी नऊदा तपासलं. रेणूनं मागं उभं राहून बघितलं, एका ठिकाणी चूक दाखवली. पोरीला कोड वाचता येतो आता, मीच शिकवलाय. दुसरं काही बोलली न्हाई.

२१ फेब्रु.
दहावीचा पहिला पेपर. शाळेनं फोन बाहेर टेबलावर ठेवायची परवानगी दिली, लेखी. मी शाळेसमोरच्या टपरीवर तीन तास. टपरीवाला म्हणला, पेपर तुम्ही देऊन राह्यले का? सहा चहा पिलो. आकडा १३१, १२६, १३८. भीती जात न्हाई, नुसती बूड टेकून बसती.

१३ मे
निकाल. ८४ टक्के. गणितात सगळ्यात जास्त, म्हणजे मला काही कळत न्हाई. आप्पांनी मेंढीच्या घंटीला कुंकू लावलं. जालन्याला सायन्स घ्यायचं म्हणते. हॉस्टेल.

हॉस्टेल ऐकलं आणि हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

११ जून
संगीताला सांगितलं. पाच महिने लागले. ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली, शेकली, टोपल्यात ठेवली, मग म्हणली, "यंत्राला शिव्या देत होते मी, तेव्हा तुम्ही शेजारी बसून जेवत होतात." एवढंच. चूक झाली त्याचं तिला एवढं न्हाई. मी जेवत होतो त्याचं आहे.

१३ जून
अजून बोलत न्हाई. डबा देते, झाकण घट्ट लावून.

१४ जून
बोलली. म्हणली, हॉस्टेलला गेल्यावर तो आकडा माझ्या फोनवर आधी आला पाहिजे, मग तुमच्या. म्हणलं, मशीन दोघांना एकाच वेळी पाठवतं. म्हणली, मग तसं करा की, तुम्हाला येतं ना सगळं. दोघंही हसलो जरा. फार न्हाई.

६ जुलै, रविवार
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, नंतर डोक्यात बदलेल.

रेणू दुकानात आली. बॅग भरून झालेली, परवा जायचं. माझ्या टेबलावर पाटी आहे, मीच छापलेली. ज्याचं यंत्र, त्याचा हुकूम. लोक वाचतात आणि झेरॉक्स मागतात. तिनं पाटी माझ्याकडं फिरवली.

"पप्पा, सेन्सर कुणाच्या दंडाला आहे?"

म्हणलं तुझ्या. मग म्हणली की आकडा जिथून आमच्याकडं येतो त्या सर्व्हरचा मुख्य पासवर्ड तिला पाहिजे. आकडा दाखवायचा की न्हाई ते ती ठरवणार. हॉस्टेलात मैत्रिणींसंग बसली, जराशी पळाली, भांडली, रडली, तरी आकडा हलतो आणि घरून दोन फोन येतात. म्हणली, माझं रक्त आहे, तुम्ही दोघं वाचत बसता.

मी चिडलो. म्हणलं, जानेवारीत काय झालं ते विसरलीस का, आजोबांना ओळखलं न्हाईस तू.

ती म्हणली, "कोडमधली आठ जानेवारीची नोंद मी त्याच आठवड्यात वाचली होती. परीक्षेपुरतं, नंतर काढणे. मला वाटलं, पप्पा काढतील."

 नोंदी खुल्या असतात, कुणीही वाचू शकतं, मीच तर सांगत आलो. हजार डोळ्यांतले दोन घरातच होते. तिनं आईला सांगितलं न्हाई, मला विचारलं न्हाई, फेब्रुवारीत माझ्या मागं उभी राहून चूक काढली तेव्हाही न्हाई. तिला विचारलं, का गं? म्हणली, तुम्ही आधीच एवढे भ्यालेले होते.

मग तिनं अटी सांगितल्या. रूममधल्या मुलीला सगळं शिकवणार, ग्लुकोजची पुडी कुठं, कधी द्यायची. आकडा बहुतेक वेळ चालू ठेवणार. बंद केला तर एक तास मला फोन न्हाई, रूममधल्या मुलीला न्हाई, वॉर्डन मॅडमला न्हाई. तासानंतर खुशाल करा. मी म्हणलो अर्धा तास. ती म्हणली एक. पासवर्ड दिला. तिनं माझ्यासमोर बदलला आणि माझ्याकडं पाठ केली टाइप करताना, मी शिकवल्यासारखीच.

भीती वाटते. दुसरं काहीच वाटत न्हाई. अभिमान वाटायला पाहिजे म्हणतात.

८ जुलै
सोडून आलो. अंबडला गाडी बदलताना तिनं स्वतः बोट टोचून बघितलं, मी काही म्हणायच्या आत. येताना गाडीत संगीता खिडकीकडं तोंड करून बसली होती. आप्पांनी रेणूला गुळाचा खडा दिलाय, कागदात बांधून. ग्लुकोज आहे की म्हणलं. म्हणले, असू दे.

१२ जुलै
पहिल्यांदा बंद केलं. दुकानात माझा नवीन अलार्म कोकलला. मी उभा, हातात फोन. चाळीस मिनिटांनी चालू. ११२. खाली मेसेज, ‘जिवंत आहे, आम्ही सिनेमा बघत होतो.’ मी पाणी पिलो आणि गिऱ्हाइकाचं आधार दोनदा छापलं.

१६ जुलै
पाच वाजून दोन मिनिटांनी शेवटचा आकडा आला. ८८, बाण खाली, म्हणजे आकडा उतरून राह्यला. मग काही न्हाई. पाच बावीसला अलार्म वाजला, मी बंद केला.

८८ काही वाईट न्हाई. बाण खाली आहे, पण ८८. तिनं बंद केलं असेल. किंवा नेटवर्क. किंवा फोनची बॅटरी, तिला चार्ज करायची आठवण न्हाई कधी. किंवा. बंद केलं आणि बंद पडलं यातला फरक स्क्रीनवर दिसत न्हाई, दोन्हीला नुसत्या दोन आडव्या रेघा. असं काही लिहिता आलं असतं की तिनं बटण दाबलं तर वेगळं दिसेल. सुचलंच न्हाई. आता पासवर्ड तिच्याकडं.

सहा वाजून दोन मिनिटांपर्यंत फोन न्हाई. शब्द दिलाय. लिहून राह्यलो म्हणजे हात फोनकडं जात न्हाई.

पाच चौतीस. संगीताचा फोन आला. तिच्याकडंही दोन रेघा. तासाचं तिला माहीत आहे. म्हणली, मला काही सांगू नका, फक्त फोन चालू ठेवा.  

पाच चाळीस. आप्पा आले. अलार्म घरापर्यंत ऐकू गेला न्हाई, संगीतानं सांगितलं असेल. बाकड्यावर टेकले. स्क्रीनकडं बघितलं, त्यांना वाचता येत न्हाई पण रेघा कळतात.

"कधी थांबली?"

"पाचला."

"मंग बसलास का?"

म्हणलं, तिनं बसायला सांगितलंय, तास होऊ दे म्हणली. आप्पांनी ऐकून घेतलं.  मग वाकून पायताण घातलं, काठी घेतली आणि दुकानाच्या दारात जाऊन उभे राह्यले, जालन्याच्या गाड्या जातात तिकडं तोंड करून. माझ्याकडं वळून बघत न्हाईत.

पाच एक्कावन्न. एक गाडी गेली. आप्पांनी ती थांबवायला हात केला न्हाई. मी अजून बसलोय.